बँक बुडाली तर आपल्या पैशाचे काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त केले आहे.)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. आमच्याकडे आलेला विषय भाव हाती पडल्यानंतरचा आहे. कापूस विकला, ज्वारी विकली, सोसायटी भरली, कृषी केंद्राची उधारी फेडली आणि त्यातून चार पैसे उरले, तर ते ठेवायचे कुठे? आणि जिथे ठेवले ती बँकच बसली, तर करायचे काय?

तुम्ही म्हणाल, उरतात कुठे? खरे आहे, दरसाल उरत नाहीत. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आयुष्यातून एकदा-दोनदा मोठी रक्कम येते. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेली, तिचा मोबदला येतो. घरचा कर्ता गेला, त्याच्या विम्याचे पैसे येतात. पोरगा नोकरीला लागतो आणि बापाच्या नावाने काही टाकतो. लेकीच्या लग्नासाठी दहा वर्षे साठवलेले असते. ही रक्कम एकदाच येते आणि गेली की पुन्हा येत नाही. म्हणून ती कुठे ठेवली आहे, हा प्रश्न आपल्याला सावकारापेक्षा जास्त लागू आहे.

आमचे शिक्षण शेतकीचे. बोंडअळी, मर रोग, जमिनीतला ओलावा यांवर आम्ही पाहिजे तेवढे बोलू. पण गावोगाव फिरताना ठेवीच्या पावत्या घेऊन माणसे पुढे येऊ लागली, तेव्हा हे कायदेही वाचावे लागले. वाचल्यावर कळले की हा विषय फवारणीच्या पत्रकापेक्षा अवघड नाही. तो मुद्दाम अवघड करून सांगितला जातो, एवढेच.

पैसा तिजोरीत नसतो

पहिली गोष्ट. आपण बँकेत ठेवलेला पैसा बँकेच्या तिजोरीत पडून नसतो. बँक तो कर्जाने देते. आपल्याला सात टक्के देते, कर्जदाराकडून अकरा-बारा टक्के घेते, मधल्या फरकावर पगार आणि भाडे चालते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी आले तर देशातली कोणतीही बँक सगळ्यांचे पैसे रोख देऊ शकत नाही. चांगलीसुद्धा नाही.

मग चांगली आणि वाईट यांत फरक काय? चांगल्या बँकेने दिलेले कर्ज परत येते. वाईट बँकेचे येत नाही. ज्याला द्यायला नको त्याला दिले, संचालकाच्या मेव्हण्याला दिले, बंद पडलेल्या सूतगिरणीला पुन्हा दिले, म्हणजे आपली ठेव फक्त कागदावर उरते. कणीस वरून भरलेले दिसावे आणि हातात घेतले की नुसती काणी निघावी, तसे.

आमच्या जुन्या माणसांना पेव माहीत आहे. घरची सगळी ज्वारी एकाच पेवात कोणी टाकत नसे. एक पेव पाझरले तर दुसऱ्याने वर्ष निघत असे. आणि पेव उघडले की लगेच आत कोणी उतरत नसे. कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच उतरायचे. पैशाच्या बाबतीत हे दोन्ही नियम आपण विसरलो.

हे लांबचे नाही

कुणाला वाटेल, बँका मुंबईत बुडतात. विदर्भातल्या लोकांना तसे वाटण्याचे कारण नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा सरकारी रोख्यांचा घोटाळा २००२ साली बाहेर आला. न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला. एकवीस वर्षे! नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांची स्थिती एवढी खालावली की त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळू शकला नाही आणि व्यवहार आखडले. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी योजना मंजूर केली. केंद्र, राज्ये आणि नाबार्ड यांनी मिळून सुमारे २,३७५ कोटी रुपये घालायचे ठरले. त्यात महाराष्ट्रातल्या या तीन बँका होत्या. तोवर या जिल्ह्यांत ठेवीदार आपल्याच पैशासाठी शाखेच्या पायऱ्या झिजवत होता आणि पीक कर्जासाठी शेतकऱ्याला राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात उभे राहावे लागत होते.

नागरी बँकांचेही पाहा. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले. परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली साडेनऊ वर्षे ठेवीदार लोंबकळत राहिले. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा पहिला हुकूम होता खात्यातून फक्त १,००० रुपये काढा. त्या बँकेने आपल्या कर्जाचा मोठा वाटा एकाच बांधकाम समूहाला दिला होता आणि तो लपवायला हजारो खोटी खाती दाखवली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीदाराचे भागले. त्यावरच्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ती ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.

ही नावे भीती घालायला सांगत नाही. यातून दोन गोष्टी दिसतात. बँक बसली म्हणजे सगळे गेले असे नसते. आणि सगळे मिळेलच असेही नसते. काय मिळते आणि काय नाही, याचा हिशेब आधी माहीत असलेला माणूस वाचतो.

पाच लाखांचा हिशेब

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. तो देणारी सरकारी संस्था आहे. तिचे नाव ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. ती रिझर्व्ह बँकेच्या मालकीची आहे. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर सरकारला जाग आली आणि १९६२ पासून हा विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. वाढत वाढत १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि तिथेच थांबली. सत्तावीस वर्षे थांबली! त्या सत्तावीस वर्षांत डिझेल, खत, मजुरी, बियाणे कुठल्या कुठे गेले, पण ठेवीदाराचा विमा लाखावरच. मुंबईत ठेवीदार रस्त्यावर आले तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झाला.

विम्याचा हप्ता बँकेने भरायचा असतो. तो तुमच्या खात्यातून कापता येत नाही. तुम्हाला अर्ज करावा लागत नाही, वेगळी पावती घ्यावी लागत नाही. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण बँक, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती, राज्य सहकारी, या सगळ्या बँकांतल्या ठेवींना हा विमा आहे.

आता ५ लाख म्हणजे कसे, ते नीट ऐका, कारण गैरसमज इथेच आहेत.

एक, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे असे नाही.

दोन, एका माणसाला एका बँकेत ५ लाख. बचत खाते, मुदत ठेव, आवर्त ठेव, सगळे एकत्र धरतात. तालुक्याच्या शाखेत एक पावती आणि जिल्ह्याच्या शाखेत दुसरी, म्हणून दोनदा विमा मिळत नाही. शाखा दोन असल्या तरी बँक एकच.

तीन, बँका दोन असतील तर विमा दोनदा. ८ लाख एका बँकेत ठेवले तर ३ लाख उघडे पडतात. ४ लाख या बँकेत आणि ४ लाख त्या बँकेत ठेवले तर सगळे झाकले जातात. आजीचा पेवांचा नियम हाच.

चार, एकट्याच्या नावाचे खाते आणि दोघांच्या नावाचे खाते वेगळे धरतात. नवऱ्याच्या नावाने एक, बायकोच्या नावाने एक आणि दोघांच्या जोडनावाने एक, अशा तीन ठेवी एकाच बँकेत असल्या तरी तिन्हींना वेगवेगळा ५ लाखांपर्यंत विमा आहे. मायबहिणींनी हे लक्षात ठेवावे. जमिनीच्या मोबदल्याची सगळी रक्कम एकट्या बापाच्या नावाने ठेवायची जी रीत आहे, ती विम्याच्या दृष्टीनेही तोट्याची आहे.

एक उदाहरण मांडू. बचत खात्यात ४० हजार. मुदत ठेव ४ लाख ८० हजार. तिच्यावर साठलेले व्याज ३५ हजार. एकूण ५ लाख ५५ हजार. विम्याचे मिळतील ५ लाख. वरच्या ५५ हजारांसाठी बँकेच्या मालमत्तेची वसुली होईपर्यंत थांबावे लागेल. त्या वसुलीतून विमा महामंडळाने दिलेले पैसे आधी परत करायचे असतात. म्हणून त्या ५५ हजारांवर कोणाची सोयरीक ठरवू नका.

विमा कशाला नाही

भावांनो, सगळ्यात मोठा धोका इथे आहे. पाटीवर काय लिहिले आहे ते वाचा.

पतसंस्था ही बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा नाही. मल्टिस्टेट म्हणून वातानुकूलित शाखा उघडली, काचेचे दार लावले, शिपायाला टोपी घातली, तरी ती क्रेडिट सोसायटीच आहे. विमा नाही. आपली गावची विविध कार्यकारी सोसायटी हीसुद्धा बँक नव्हे. तिने सभासदांकडून ठेवी घेतल्या असतील तर त्यांना हा विमा नाही. भिशी, चिट, सोन्याच्या दुकानाची मासिक योजना यांनाही नाही.

जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट सोसायटीचे २०१५ साली काय झाले, बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे २०२३ नंतर काय झाले, ते खानदेश आणि मराठवाड्यातल्या घराघरांना माहीत आहे. बँकेपेक्षा दोन-चार टक्के व्याज जास्त, म्हणून ऊसतोडीचे, कापसाचे, निवृत्तीचे पैसे तिथे गेले. बँक असती तर विम्याच्या मर्यादेपर्यंत तरी मिळाले असते. इथे मार्ग राहिला तो फौजदारी तक्रारीचा आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचा. त्या कायद्याने मालमत्ता जप्त होते, विकून ठेवीदारांना वाटता येते. पण जप्ती, न्यायालय, लिलाव, वाटप, यात वर्षे जातात.

जास्त व्याज ही मेहेरबानी नसते, ती जोखमीची किंमत असते. बिनलेबलाचे बियाणे स्वस्त का मिळते, हे तुम्हाला सांगावे लागत नाही. मग बिनविम्याची ठेव जास्त व्याज का देते, हे का विचारत नाही?

आणखी एक. कर्ज घेताना शेअरची कपात होते. ते शेअरचे पैसे म्हणजे ठेव नव्हे. शेअर म्हणजे मालकी, आणि धंदा बुडाला की पहिला तोटा मालकाच्या अंगावर येतो. त्याला विमा नाही. कागदावर आपण जिल्हा बँकेचे आणि सोसायटीचे मालक आहोत. मालकाला ताळेबंद कोणी दाखवत नाही. तोटा झाला की मात्र मालकाची आठवण होते.

लॉकरमधले दागिने बँकेची मालमत्ता नव्हेत, ते तुमचेच. सोने तारण ठेवले असेल तर कर्ज फेडून ते सोडवून घेता येते. बँक बंद होणार म्हणून सोने जाते असे नाही. पण तारणाची पावती जपा.

कर्जदाराने काय समजावे

गावात बँक बुडाल्याची बातमी आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते, 'बँक बुडाली, कर्जही बुडाले!' हे साफ खोटे आहे. बँकेचा परवाना रद्द झाला की अवसायक नेमला जातो. त्याचे पहिले काम वसुली हेच असते. बँक दुसऱ्या बँकेत गेली तर कर्जही तिकडे जाते. सातबाऱ्यावरचा बोजा जसाच्या तसा राहतो. मधल्या काळात व्याज चढत राहते. थकीत पडलात तर मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलतही जाते.

दुसरी बाजू. एकाच बँकेत ठेवही आहे आणि कर्जही आहे, अशा वेळी बँकेला आपले येणे ठेवीतून वळते करण्याचा हक्क आहे. विमा मिळतो तो वजावटीनंतर राहिलेल्या रकमेवर. मघाचेच उदाहरण घ्या. ठेव ५ लाख ५५ हजार, त्याच बँकेचे कर्ज १ लाख २० हजार. वजा जाता राहिले ४ लाख ३५ हजार. ते पाच लाखांच्या आत आहेत, म्हणून पूर्ण विमा. म्हणजे या शेतकऱ्याची सगळी ठेव कामी आली. वजावट नेहमी तोट्याचीच असते असे नाही. हिशेब करून पाहा.

पण एक खुंटी पक्की करा. कर्ज नेमके कोणाचे आहे? सोसायटीमार्फत घेतलेल्या पीक कर्जात तुमचा करार सोसायटीशी असतो आणि सोसायटीचा बँकेशी. बँकेतून थेट घेतलेल्या कर्जात करार बँकेशी असतो. सोसायटीच्या कर्जापोटी जिल्हा बँकेतली तुमची स्वतःची ठेव कापली, तर कोणत्या कराराने कापली हे लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

आणि खरी अडचण मार्च महिन्यातली. शेतकरी ३१ मार्चपूर्वी उसनवारी करून, वेळेला दागिना मोडून कर्ज भरतो. भरवसा असतो की एप्रिल-मे मध्ये नवे कर्ज उचलू आणि उसने फेडू. बँकेवर निर्बंध आले की नवे कर्ज बंद. भरलेले गेले, नवे आले नाही, बियाणे कशाने घ्यायचे? मग पावसाळा तोंडावर असताना सावकाराचे दार. म्हणून आपल्या बँकेवर निर्बंध आले असतील तर भरल्याबरोबर बेबाकीचा दाखला त्याच दिवशी मागायचा, सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्यायचा आणि दाखला घेऊन दुसऱ्या बँकेकडे मे महिन्याची वाट न पाहता अर्ज द्यायचा. एकट्याने गेले तर व्यवस्थापक 'साहेब नाहीत' म्हणतो. गावाने यादी करून गेले तर अर्ज घ्यावा लागतो आणि पोच द्यावी लागते. जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडायला ती पोचच कामाला येते.

निर्बंध आले त्या दिवशी

बँक सहसा एका झटक्यात बंद होत नाही. आधी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध येतात. नव्या ठेवी बंद, नवी कर्जे बंद, पैसे काढण्यावर मर्यादा. पुढे एक तर बँक सावरते, नाही तर दुसरीत विलीन होते, नाही तर परवाना जातो.

पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत विम्याचा पैसा हलत नसे. रुपी बँकेचे ठेवीदार म्हणूनच वर्षानुवर्षे अडकले. १ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आता पैसे काढण्यावर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी आणि मागण्या महामंडळाकडे पाठवायच्या. पुढे तपासणी आणि वाटप. बँकेच्या विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर रिझर्व्ह बँकेला ही मुदत आणखी ९० दिवस वाढवता येते. म्हणजे ते पहिले ४५ दिवस म्हणजे आपली पेरणीची मुदत समजा. ती चुकली की हंगाम चुकला. त्या दिवसांत काय करायचे ते सांगतो.

१. रिझर्व्ह बँकेचा हुकूम स्वतः वाचा किंवा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. शाखेच्या दारावर तो लावलेला असतो. किती रक्कम काढता येईल, ते त्यात असते. हॉटेलातल्या बातमीवर जाऊ नका.

२. पासबुक त्याच आठवड्यात भरून घ्या. मुदत ठेवीच्या पावत्यांच्या दोन-दोन प्रती काढा. खात्याचे नाव, आधारवरचे नाव आणि पावतीवरचे नाव एक आहे का पाहा. 'रामराव' आणि 'रामभाऊ' यांत बँक फरक करते.

३. संमतीचा अर्ज भरावा लागतो. विम्याची रक्कम हवी आहे, असे त्यात लिहून द्यायचे आणि ती कोणत्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा करायची ते सांगायचे. दुसरे खाते नसेल तर आधी उघडा. अर्जाची पोच, तारखेसह आणि शिक्क्यासह, घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

४. केवायसी अपुरे असेल तर तुमचे नाव यादीतून मागे राहते. पैसे बुडत नाहीत, पण उशीर होतो. नाव राहिले असेल तर लेखी अर्ज देऊन पुढच्या यादीत घालायला लावा.

५. खातेदार मयत असेल तर ज्याचे नाव वारस म्हणून लावले आहे त्याने मृत्यूचा दाखला घेऊन लगेच जावे. वारसाचे नाव लावलेलेच नसेल तर कोर्टाच्या दाखल्याचा फेरा सुरू होतो. म्हणून आजच, बँक चांगली असतानाच, घरातल्या प्रत्येक खात्याला वारसाचे नाव लावा.

६. अनुदान, पीक विमा, सीसीआयच्या कापूस खरेदीचे चुकारे कोणत्या खात्यात येतात ते तपासा. आधारशी जोडलेले खाते त्याच बँकेत असेल तर पुढचे पैसेही तिथेच जाऊन अडकतील. दुसऱ्या बँकेत अर्ज देऊन आधारची जोडणी तिकडे करून घ्या. हे काम राहून जाते आणि नंतर महिनोन्महिने त्रास देते.

७. कर्जाचा हप्ता भराल तो छापील पावती घेऊनच. 'मी साहेबाकडे पोचवतो' म्हणणाऱ्याच्या हाती रोकड देऊ नका. अडचणीत आलेल्या बँकेभोवती अशी माणसे गुळाला मुंगळे लागावेत तशी जमतात.

पावती विकू नका

संकटात पडलेल्या ठेवीदाराकडे काही दिवसांनी एक दलाल येतो. तो म्हणतो, 'तुमची पावती लाखाची आहे. मिळणार काही नाही. मला द्या, मी तीस हजार रोख देतो.' लेकीचे लग्न तोंडावर असते, माणूस पावती देऊन टाकतो.

हा दलाल वेडा आहे का? तो पावती घेऊन बड्या थकबाकीदाराकडे जातो. थकबाकीदार ती पावती आपल्या कर्जात पूर्ण किमतीने वळती करून घेण्याचा प्रयत्न करतो. म्हणजे ज्याने बँक बुडवली तोच लाखाचे कर्ज चाळीस हजारांत फेडून मोकळा, आणि ज्याची ठेव बुडाली त्याच्या हाती तीस हजार. जळगावच्या त्या मल्टिस्टेटच्या प्रकरणात अवसायनाच्या काळात अशाच प्रकारच्या व्यवहारांचे आरोप झाले आणि २०२० मध्ये पुणे पोलिसांनी कारवाई केली. गरजेपोटी कापूस खेडा खरेदीवाल्याला मातीमोल भावाने देणे आणि पावती दलालाला देणे, यांत फरक नाही. बँकेची पावती असेल तर ५ लाखांपर्यंत विमा आहे, मुदत ठरलेली आहे. थोडी कळ काढा.

उगवण आधी तपासा

आम्ही शेतकीवाले सांगतो, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवतात ते मोजा. बँकेची उगवण तपासायचेही चार साधे मार्ग आहेत.

विमा महामंडळाकडे नोंद असलेल्या बँकांची यादी सर्वांना पाहता येते. आपली बँक त्यात आहे का, ते पाहून घ्या. 'बँक' शब्द पाटीवर आहे पण रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, असे असेल तर तिथून मागे फिरा. पतसंस्थेला नावात 'बँक' हा शब्द वापरता येत नाही.

वार्षिक सभेला जा आणि अहवाल घ्या. त्यात दोन आकडे शोधा. थकीत कर्ज एकूण कर्जाच्या किती टक्के, आणि लेखापरीक्षणात वर्ग कोणता. थकीत दरसाल वाढत असेल आणि वर्ग घसरत असेल तर सभा संपल्यावरच्या जेवणाने समाधान मानू नका, उभे राहून विचारा.

इतर बँका सात टक्के देत असताना एखादी अकरा-बारा देते, तेव्हा ती ठेवीसाठी हपापलेली असते. का, ते शोधा.

आणि 'आज कॅश आली नाही, परवा या' हे उत्तर महिन्यात तीनदा मिळाले, तर समजून घ्या.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. नुसत्या अफवेने धावत सुटू नका. चालू बँकही धावपळीने अडचणीत येते. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कमी होते. ५ लाखांच्या आतली ठेव आणि परवानाधारक बँक असेल तर रात्री झोपायला हरकत नाही. वरची रक्कम असेल तर ती शांतपणे, मुदत संपेल तशी, दोन ठिकाणी करा.

आपले काम

मंडळी, शेतकरी कर्जबाजारी आहे याची चर्चा राज्यभर चालते. शेतकरी ठेवीदारही आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. त्याची ठेव छोटी असते, वर्तमानपत्रात तिचे नाव येत नाही, आणि तो शहरातल्या ठेवीदारासारखा रोज शाखेपुढे उभा राहू शकत नाही, कारण त्याची निंदणी खोळंबते. म्हणून हे काम एकेकट्याचे नाही, गावाचे आहे.

पुढच्या मेळाव्याआधी प्रत्येक गावशाखेने तीन गोष्टी कराव्यात. गावात कोणकोणत्या बँका, पतसंस्था आणि मल्टिस्टेट ठेवी गोळा करतात, त्यांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे 'विमा आहे' किंवा 'विमा नाही' असे लिहून ती चावडीवर लावावी. बारावी झालेल्या दोन पोरांना, एक मुलगा आणि एक मुलगी, हे अर्ज भरायला शिकवून ठेवावे. आणि ज्या घरात जमिनीच्या मोबदल्याची किंवा विम्याची मोठी रक्कम आली आहे, त्या घरी कार्यकर्त्याने स्वतः जाऊन हा पाच लाखांचा हिशेब समजावून सांगावा. किती रक्कम आहे ते विचारू नये. ते त्यांचे त्यांना माहीत असते. त्यांना हिशेब कळला की पुढचे ते पाहतील.

भाव मागायला आपण रस्त्यावर येतो आणि येत राहू. पण घामाचा मिळालेला पैसा राखणे हे सरकारकडे मागायचे काम नाही. पेव फुटल्यावर ओरडण्यापेक्षा पेव दोन करणे सोपे आहे. एवढे सांगून आम्ही थांबतो.